माढ्याची चौदा तिकिटं

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका छापखान्यात प्रुफं वाचायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पंचांगाची पानं, कधी तेलुगू, कधी कन्नड मजकुराच्या शेजारी आलेला मराठी मजकूर. दिवसभर अक्षरं बघायची आणि त्यातलं चुकलेलं हुडकायचं, एवढंच काम. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. वडील गेलेले, घरी आई आणि मी. स्टेशनच्या पलीकडे एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. कुठलीही गाडी आली की आमच्या फडताळातली भांडी हलायची.

तिकिटं जमवण्याचा नाद मला अक्षरांमुळेच लागला. त्या काळची तिकिटं पुठ्ठ्याची, दोन बोटं रुंद. एवढ्याशा जागेत कुठून कुठे, वर्ग, भाडं, नंबर, तीन लिप्यांत स्टेशनांची नावं, आणि कडेला यंत्रानं दाबलेली तारीख. आमच्या छापखान्यात एवढा मजकूर बसवायला पोस्टकार्ड लागलं असतं. मला त्या बसवणीचं फार कौतुक वाटायचं. पण ही तिकिटं हाताशी लागणं सोपं नव्हतं. प्रवास संपला की स्टेशनातून बाहेर पडताना फाटकावर तिकीट द्यावं लागे. पाहुणे यायचे ते रिकाम्या हातानं. कुणी चुकून खिशात ठेवलेलं, कुणाच्या पिशवीच्या तळाशी सापडलेलं, असं एकेक मी मिळवत होतो. आमची आत्या अक्कलकोट रोड स्टेशनवरून आली तेव्हा मी तिला तिकीट लपवून आणायला सांगितलं होतं. ती घाबरून फाटकावर दोनदा थांबली आणि शेवटी देऊनच आली.

आमच्या शेजारच्या खोलीत स्टेशनवरचे एक टी.सी. राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. मामा सांगोल्याकडचे. घरी मेंढरं, चार एकर कोरडी जमीन. त्यांच्या घराण्यात नोकरीला लागलेला हा पहिला माणूस. काळा कोट घालून ते चाळीच्या जिन्यावरून उतरायचे तेव्हा मामी दारात उभी राहून खाली पोचेपर्यंत बघत असे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते मास्तर म्हणायचे, कारण माझ्या हातात सदा छापील कागद असे.

मी तिकिटं जमवतो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना हसू आलं. मी लगेच विचारून टाकलं, फाटकावर गोळा झालेल्यांतली दोन-चार मला मिळतील का. ते हसायचे थांबले. ती तिकिटं सरकारची आहेत, आपली नाहीत, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. जमा झालेली तिकिटं स्टेशनवार लावायची, नंबर यादीत लिहायचे, सुतळीत ओवून वरच्या कचेरीत पाठवायची. तिथे ती तपासून नष्ट करतात. एकही कमी पडता कामा नये, कारण वापरलेलं तिकीट पुन्हा बाहेर गेलं तर लबाड माणूस त्याच्यावर दुसऱ्यांदा प्रवास करतो.

पण स्वतःचं जे होतं ते त्यांनी मला दिलं. त्यांच्या जुन्या कोटाची पितळी बटणं दिली. एक मोडका चिमटा दिला, तिकिटाला खाच पाडायचा. कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीचं एक फाटकं वेळापत्रक त्यांनी ट्रंकेत ठेवलं होतं, तेही दिलं. नोकरीच्या सुरुवातीला ते त्या गाडीवर होते. ती गाडी इतकी सावकाश जायची की मेंढरं रुळावर आली की उतरून हाकलायची, आणि हाकलायला मामांनाच पाठवायचे, कारण त्यांना ते घरचंच काम होतं, असं ते सांगायचे. रविवारी दुपारी ते बाजेवर पडून असं काहीबाही सांगत आणि मी ऐकत बसे. वडील गेल्यावर माझ्याशी असं बसून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच सुमारास रेल्वेनं तिसरा वर्ग रद्द केला. डबे तेच, बाकं तीच, फक्त म्हणायचं दुसरा वर्ग. जुनी तिकिटं संपेपर्यंत काही महिने चालत होती, मग नवीन येणार होती. 'तिसरा वर्ग' हे शब्द छापलेली तिकिटं आता कायमची जाणार, हे मनात आलं आणि मला चैन पडेना.

आणि नेमकं तेव्हाच मामांनी मला मदत मागितली.

एका दुपारी ते छापखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत येत नव्हते. मी बाहेर गेलो तर इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले की डोळ्यांपुढे धुकं येतंय. माणूस दिसतो, गाडी दिसते, पण तिकिटावरचे बारीक नंबर एकात एक मिसळतात. वर सांगितलं तर डोळे तपासतील, फाटकावरून काढतील. चार-पाच वर्षं उरली होती नोकरीची. मी जेवणाच्या सुट्टीत तासभर येऊन नंबर वाचून दाखवले तर ते लिहून घेतील.

"कुणाला बोलू नगंस," ते म्हणाले. "तुज्या आईलाबी न्हाय."

मी हो म्हटलं. त्यांची अडचण मला कळली होती आणि वाईटही वाटलं होतं, हे खोटं नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तिकिटांचे ढीग आले, हेही खोटं नाही.

स्टेशनच्या एका टोकाला एक लहान खोली होती. लाकडी टेबल, दोन स्टुलं, पाण्याचा माठ. दुपारच्या दोन गाड्यांच्या मधे तिथे कुणी नसायचं. मामा पिशवी टेबलावर ओतायचे, मी स्टेशनवार गठ्ठे लावायचो आणि नंबर वाचायचो. ते वहीत नाक घालून मोठ्या अक्षरात लिहायचे. पहिले आठ-दहा दिवस मी काहीही घेतलं नाही. मग एकदा माढ्याच्या गठ्ठ्यात एक तिकीट दिसलं, तिसऱ्या वर्गाचं, झिजलेल्या ठशानं 'ढ'ची गाठ गायब झालेली. असं तिकीट पुन्हा दिसणार नाही असं मला वाटलं. मी ते बाजूला सरकवलं, त्याचा नंबर वाचला नाही, आणि पाणी प्यायला उठताना खिशात टाकलं. मामा लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी तशीच झिजलेली आणखी तीन आली. ती सगळी त्याच खेपेची होती. मग मोहोळची, होटगीची, दुधनीची. मी स्वतःला सांगत होतो की ही मेलेली तिकिटं आहेत, जाळायलाच चाललीत, मी ती पुन्हा कुणाला विकणार थोडाच. आठवड्यातून चार-पाच मी घ्यायला लागलो. हात सरावला.

मामांची एक सवय मला माहीत नव्हती. ते फाटकावर तिकिटं घेताना मनात मोजायचे. मेंढरं मोजणाऱ्याची सवय असावी. एके दिवशी माढ्याचा गठ्ठा वाचून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मास्तर, चौदा हुती की."

मी गठ्ठा पुन्हा मोजल्याचं नाटक केलं. "अकराच आहेत, मामा."

"चौदा घेतल्यात म्या. हातानं."

"मग तुमचं मोजण्यात चुकलं असेल. दुसऱ्या स्टेशनची मिसळली असतील."

तिन्ही तिकिटं माझ्या खिशात होती. मामांनी टेबलाखाली वाकून बघितलं, पिशवी उलटी करून झटकली, पुन्हा बसले. मग डोळ्यांवर तळहात दाबले. "असंल," ते म्हणाले. "आता मोजायचंबी जमंना मला." आणि त्यांनी वहीत अकरा लिहिले.

त्यानंतर ते मला आकडा विचारायचे, स्वतः सांगायचे नाहीत. मी सांगेन तो धरायचे. घरी मामी आईला सांगत होती की यांचं आजकाल कशातच लक्ष नाही, किल्ली ठेवलेली आठवत नाही, पायरी मोजून उतरतात. मी ते भिंतीपलीकडून ऐकत होतो.

पाच-सहा महिने असं चाललं. मग दुसऱ्या एका स्टेशनावर एक प्रवासी वापरलेल्या तिकिटावर प्रवास करताना सापडला आणि त्या सबंध पट्ट्यात जमा तिकिटांची तपासणी सुरू झाली. विकलेल्या तिकिटांचे नंबर आणि जमा झालेले नंबर ताडून बघितले गेले. थोडीफार तिकिटं सगळीकडेच कमी असायची, प्रवासी हरवतात, टाकतात. पण मामांच्या पाळीला कमी पडलेली फारच जास्त होती, आणि त्यांतही माढ्याची. मामा वापरलेली तिकिटं बाहेर विकतात असा संशय चौकशीला आलेल्या साहेबांनी घेतला, आणि तो रास्तच होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच घेतला असता. मामांना फाटकावरून बाजूला केलं आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

चाळीत बातमी लपत नाही. कोट खुंटीला लागला. मामा दार लोटून बसायचे. नळावर मामी आली की बायका बोलणं बदलायच्या, हे आई सांगायची आणि वर म्हणायची, तो माणूस असं करणार नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी मला हाक मारली. मी आत गेलो तेव्हा ते बाजेवर नव्हते, जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, वाचताना माझ्याकडून एखादा नंबर सुटत होता का. आवाजात संशय नव्हता. कुठे चुकलं ते शोधत होते, एवढंच.

मी म्हणालो, "नाही मामा. मी होते तेवढे सगळे वाचले."

त्यांनी मान हलवली. खरं बोलून टाक म्हणून आतून कुणीतरी ढकलत होतं. पण मी छापखान्यात कामाला होतो. छापखान्यातल्या माणसाच्या घरात शेकडो रेल्वे तिकिटं सापडली तर खोटी तिकिटं छापतो असंच कुणीही म्हणेल, पोलीस येतील, आईचं काय होईल, हे सगळं मी चार दिवस मनात घोळवलं होतं. ते कारण खरं होतं. पण मी नुसता घाबरलो नव्हतो. ती तिकिटं हातची जातील हेही मला नको होतं. हे मी पुष्कळ वर्षं कबूल केलं नाही.

त्याच दुपारी मी तिकिटं ठेवलेले पत्र्याचे डबे घरातून उचलून छापखान्यात नेले आणि कागदाच्या रिमांमागे ठेवले.

चौकशीत मामांना विचारलं की नंबर लिहिताना तुमच्याबरोबर कोण असायचं. त्यांनी सांगितलं, कुणी नाही, मी एकटा. बाहेरचा माणूस त्या खोलीत बसवला असं कळलं असतं तर संशय मास्तरवर, म्हणजे माझ्यावर आला असता, म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. हे मला मामीनं नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मग एवढी तिकिटं कमी कशी, असं साहेबांनी विचारल्यावर मामांनी इतके महिने जपलेली गोष्ट स्वतःच उघड केली. डोळ्यांना दिसत नाही साहेब, मोजायला चुकतो, नंबर सुटतात. पाहिजे तर तपासा.

डोळे तपासले. मोतीबिंदू होताच. ते फाटकासाठी नालायक ठरले.

दोनेक महिन्यांनी जुन्या तिकिटांचा धंदा करणारी माणसं दुसरीकडे सापडली. त्यांचा मामांशी काडीचा संबंध नव्हता. मामांवरचा ठपका निघाला. त्या संध्याकाळी मामीनं चाळभर पेढे वाटले. आमच्या दारात आल्यावर तिनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि आईला म्हणाली, "तुमच्या पोरानं लई आधार दिला आमाला." मी तो पेढा खाल्ला. आई बघत होती, न खाऊन चाललं नसतं.

फाटक मात्र मामांना परत मिळालं नाही. त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. काळा कोट लागत नव्हता. पोती आली की पावत्या दुसरा माणूस वाचायचा आणि मामा पोत्याला हात लावून बाजूला सरकवायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं नाही. मुदत भरायच्या आधीच ते नोकरी सोडून गावी गेले. सामान टेंपोत चढवायला मी होतो. ट्रंक मीच उचलली.

ते गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. डबे घरी आणले. तिकिटं जाड कागदावर खाचा पाडून लावली, स्टेशनवार, वर्गवार. नवीन जमवणं थांबलं होतं, पण आहेत ती मी रविवारी काढून बघत असे. लोकांना कळलं. एका शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं, तिथल्या शिक्षकांनी माझे तक्ते मागितले आणि मी दिले. टेबलामागे इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. तिसऱ्या वर्गाची ती तिकिटं बघून लोक आपापल्या प्रवासांच्या गोष्टी सांगत होते.

एक वयस्कर गृहस्थ माढ्याच्या तक्त्यापुढे बराच वेळ थांबले. त्यांनी विचारलं की एकाच गावची एवढी तिकिटं मिळाली कुठून, ती तर फाटकावर द्यावी लागत.

मी म्हणालो, "आमच्या शेजारी एक टी.सी. होते. ते द्यायचे."

बोललो आणि मला ऐकू आलं मी काय बोललो ते. ज्या गोष्टीला त्या माणसानं पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं, जिच्यावरून त्याचा कोट गेला, तीच मी चारचौघांत त्याच्या नावावर लावली होती. गृहस्थ हसून पुढे गेले. मी तक्ते गुंडाळायला लागलो. शिक्षक विचारत होते, प्रदर्शन अजून दोन दिवस आहे, काय झालं. मी पोट दुखतंय म्हणालो.

पुढच्या रविवारी मी यष्टीनं सांगोल्याला गेलो आणि तिथून चार मैल चालत मामांच्या वस्तीवर. उन्हाळ्याची सुरुवात होती, विहिरींना पाणी नव्हतं, लोक टँकरची वाट बघत रांगेत घागरी लावून बसले होते. मामा लिंबाखाली घोंगड्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बोललो तेव्हा त्यांनी ओळखलं, आणि चेहरा एकदम उजळला. मामी पळत आली. पाणी इतकं महाग असताना तिनं मला पाय धुवायला तांब्या दिला. शेरडाच्या दुधाचा चहा केला. आईची चौकशी केली, लग्न का करत नाहीस म्हणून रागावली.

मी चहा संपवला आणि सांगितलं. सुरुवातीपासून. 'ढ' तुटलेलं तिकीट, पाणी प्यायला उठणं, खिसा, रिमांमागचे डबे, प्रदर्शन. पिशवीत तिकिटं आणली होती ती त्यांच्यासमोर ठेवली. मामी हातातली कपबशी तशीच धरून उभी होती.

मामांनी विचारलं, "म्हंजी त्या दिवशी चौदाच हुती?"

"हो, मामा. चौदाच."

"मंग माजं मोजणं बराबर हुतं."

"हो."

त्यांनी पिशवी चाचपली, आत हात घातला नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, हाकलतील. तशी तयारी करून मी गेलो होतो. ते हळू आवाजात बोलले, जणू स्वतःशीच.

"एवढी वर्सं म्या समजत हुतो, चूक माज्या डोळ्याची हाय. देवानं डोळं घेतलं, त्याला कोण काय करनार. त्याच्यावरच मनाची समजूत घालून बसलो हुतो म्या. ते बी तू आज काडून घेतलंस."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. जोरात नाही, एवढंच की माझा हात घोंगड्यावर पडला.

"मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "मी काय साहेब हाय व्हय? जितं माजं नाव लिवलंय, तितं जाऊन सांग." मग मामीकडे तोंड वळवून, "त्याला वाटंला लाव. यष्टी चुकंल त्याची."

मामी बांधापर्यंत आली. पूर्वी कधी मी तिच्या दारातून रिकाम्या हातानं गेलो नव्हतो, काही ना काही पदराखालून निघायचंच. बांधावर ती थांबली आणि मी पुढे चालू लागलो.

सोमवारी छापखान्यातून रजा घेऊन मी रेल्वेच्या कचेरीत गेलो. सगळं लिहून नेलं होतं, खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. कारकुनानं दोनदा वाचलं. तो चांगला माणूस होता. म्हणाला की हे प्रकरण कधीच मिटलं, त्या माणसावर आता ठपका नाही, तो निवृत्त झाला, तुम्ही कशाला पायावर धोंडा पाडून घेता. डोळ्यांचं म्हणाल तर ते डॉक्टरांनी तपासलेलं, मोतीबिंदू तर होताच ना. तिकिटांची पिशवी बघून त्याला हसू आवरेना. हे सामान जमा कुठे करून घेऊ, असला रकानाच नाही, म्हणाला. मी हटलो नाही. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिलो. शेवटी त्यानं अर्जावर आवक शिक्का मारला, माझ्या नकलेवरही मारला. पिशवी परत दिली.

त्या अर्जाचं पुढे काहीही झालं नाही. पोलीस आले नाहीत, साधं उत्तरही आलं नाही. ज्या भीतीपोटी मी गप्प बसलो होतो, त्यातलं काहीच घडलं नाही, आणि आधी बोललो असतो तरी कदाचित घडलं नसतं, हे कळणं फार जड गेलं. आईला मी सगळं सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बोलली, पण चाळीत कुणी तिकिटांचा विषय काढला की उठून आत जायची.

शिक्का मारलेली अर्जाची नक्कल मी मामांना पोस्टानं पाठवली. महिनाभरानं एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गावातल्याच कुणाचं तरी, मजकूर मामांनी सांगितलेला. कागद पोचला. दोन वेळा वाचून घेतला. पाऊस न्हाई. इथवर लिहून खाली मामांचा अंगठा होता. पूर्वी ते सही करायचे.

वडीलधारी माणसं पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहितात. शत्रूच्या मुलालाही लिहितात. त्या कार्डावर अंगठ्याच्या वर बरीच कोरी जागा होती, पण तिथे काही लिहिलेलं नव्हतं.